परतीचे दोर

हौसेला मोल नसते, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. म्हण खरी आहे; पण तिचा अर्थ आपण सोयीप्रमाणे फिरवून घेतला आहे. हौस ही पैशांत मोजण्याची वस्तू नव्हे, एवढेच म्हणणाऱ्याला सांगावयाचे असावे. आपण मात्र तिचा अर्थ, हौसेसाठी कितीही पैसे मोजावेत, असा करतो. आणि दिवाळीच्या दिवसांत दुकानांच्या झगमगाटात हा दुसरा अर्थ अधिकच खरा वाटू लागतो.

एखादा नवा छंद मनात आला की आपली पावले प्रथम कोठे वळतात, हे पाहण्यासारखे आहे. डोंगर चढावे असे वाटले तर डोंगराकडे वळावीत, पक्षी पाहावेत असे वाटले तर गावाबाहेरच्या तळ्याकडे वळावीत, हे सरळ. परंतु ती वळतात दुकानाकडे. डोंगर जागच्या जागीच असतो आणि बूट, सॅक, स्लीपिंग बॅग, पाच खिशांची विजार, कपाळावर बांधावयाचा दिवा अशी सारी सिद्धता घरी येऊन पडते. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधल्याची गोष्ट आपण हसत हसत सांगतो. त्या बिचाऱ्याचे लग्न निदान ठरलेले तरी असते!

यावरचा व्यवहारी सल्ला सर्वांना ठाऊक आहे. आधी जुने, स्वस्त सामान घ्यावे, चार वेळा जाऊन पाहावे, मन रमले तर नवे घ्यावे. सल्ला इतका सरळ आहे की त्यावर लिहावयाचे काय, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी या सल्ल्याला असा काही आक्षेप घेतला, की हा प्रश्न काटकसरीचा नसून आचरणाचा आहे, असे मला वाटू लागले.

त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. कॉलेजातल्या मित्रांबरोबर एकदा राजगडावर जाऊन आला आणि डोंगराने त्याला झपाटले. वडिलांनी कागदावर यादी केली. यादीतली प्रत्येक वस्तू उत्तम, नवी. आणि सगळ्यांची बेरीज त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला भिडणारी. आजीचे म्हणणे, "अरे, माळ्यावर काकाची जुनी बॅग आहे, ती घेऊन जाऊ दे पोराला." मी बरीच वर्षे सह्याद्रीत हिंडत आलो आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी आजीच्या बाजूने मत दिले. तेव्हा ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण जुनं सामान घेणं म्हणजे सोडून देण्याची तयारी आधीच करून ठेवणं. अर्ध्या मनानं सुरू केलेलं काम पुरं होत नाही. सूर्याजीनं दोर कापले, म्हणून तर कोंढाणा मिळाला!"

या युक्तिवादाला तोंडावर उत्तर देणे सोपे नव्हते. या गृहस्थांनी स्वतः तरुणपणी बरेच काही अर्धवट सोडले होते, हे मला ठाऊक होते. मुलाने तसे करू नये, ही त्यांची तळमळ होती. पगाराचा निम्मा भाग ते सामानावर घालावयास निघाले होते, तो खरे म्हणजे मुलाच्या निश्चयावर. मराठी घरांतून असे पुष्कळ वेळा घडते. पेटीच्या, चित्रकलेच्या, क्रिकेटच्या साहित्यात आई-बाप आपली अपुरी राहिलेली इच्छा गुंतवतात आणि त्याचे व्याज मुलाने चिकाटीच्या रूपाने द्यावे, अशी अपेक्षा धरतात.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो. नव्या गोष्टीत पाऊल टाकताना माघारीची वाट मोकळी ठेवणे हा शहाणपणा की भ्याडपणा? जुनी, चार पैशांची सॅक पाठीला लावणारा माणूस विनम्र असतो की अर्धवट?

सूर्याजीची कथा परंपरेने आपल्याला दिली आहे. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री मावळे दोरावरून कोंढाणा चढले. तानाजी पडला. मावळ्यांची फळी फुटली आणि ते आल्या वाटेने उतरावयास धावले. तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकल्याचे सांगितले आणि मागे फिरलेले मावळे पुन्हा लढावयास उभे राहिले. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण या प्रसंगावरून इतका वापरतो की त्याचे तपशील पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. ते पाहिले पाहिजेत. दोर कापले गेले ते कड्याच्या माथ्यावर. पायथ्याशी कोणी दोर कापले असते, तर त्या रात्री गड चढताच आला नसता! शिवाय ज्यांचे दोर कापले ती माणसे गडकोटांवर वाढलेली, शस्त्र चालवण्यात मुरलेली होती; आपण कशासाठी आलो आहोत याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. क्षणभर पाय डळमळला होता, तो सूर्याजीने सावरला. ज्याने अजून कडा पाहिलेलाच नाही, त्याचे दोर कापण्यात कसला पराक्रम?

दोर कापण्यालाही एक वेळ असते, आणि ती वर पोहोचल्यानंतरची असते. ही साधी गोष्ट ध्यानात आल्यापासून त्या गृहस्थांच्या आक्षेपाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. निश्चय ही बाजारात आगाऊ पैसे भरून नोंदवावयाची वस्तू नव्हे. तो वाटेवर हळूहळू तयार होतो. पहिल्या चढणीला धाप लागते, दुसऱ्या वेळी पायाला फोड येतात, तिसऱ्या वेळी पावसात रात्रभर गुहेत कुडकुडत बसावे लागते. आणि तरीही चौथ्या शनिवारी मन पुन्हा एस. टी. स्थानकाकडे ओढ घेते, तेव्हा निश्चय झाला असे समजावे.

नव्या सामानाचा खरा धोका खर्चात नाही. ते आपल्याला आगाऊ समाधान देते, यात आहे. करकरीत बूट घालून आरशासमोर उभे राहिले की डोंगर चढल्याचा निम्मा आनंद तेथेच पदरात पडतो. उरलेल्या निम्म्यासाठी पहाटे उठण्याचा उत्साह मग फार थोड्यांना असतो. अशी कितीतरी कपाटे मी पाहिली आहेत. त्यांत पिशवीतून न काढलेला तंबू असतो, एकदाच वापरलेली स्लीपिंग बॅग असते आणि खोक्यात कागद भरून ठेवलेले बूट असतात.

या बुटांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आजकालच्या पुष्कळ बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेसासारखा मऊ थर असतो. चालताना पायाला हादरा बसू नये, ही त्याची कामगिरी. हवेतल्या ओलाव्याचा त्यावर सावकाश परिणाम होत जातो आणि काही वर्षांनी तो आतल्या आत भुसभुशीत होतो. बूट खोक्यात असला तरी ही झीज थांबत नाही. वरून कातडे चकचकीत, शिवण जागच्या जागी. आणि पाच-सहा वर्षांनी मालक मोठ्या उत्साहाने डोंगरावर निघाला की पहिल्याच उतरणीवर तळवा जबडा उघडल्यासारखा सुटून येतो. आपल्या दमट कोकणात आणि पावसाळी घाटात हे अनेकांनी अनुभवले आहे. पुढे कधीतरी वापरू, म्हणून ठेवून दिलेली वस्तू टिकून राहते, हा आपला भ्रम आहे. वस्तूही कुजतात आणि ठेवून दिलेले संकल्पही कुजतात.

याच्या उलट जुन्या सामानाचे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात हिंडताना, नाहीतर हल्ली मोबाईलवर विकावयास काढलेल्या वस्तू पाहताना, माणसाला प्रथम प्रश्न विचारावे लागतात. सॅकचे पट्टे खांद्याशी उसवले आहेत का? कमरेचे बक्कल बसते का? आतला लेप सुटून चिकट झाला आहे का? स्लीपिंग बॅगेची चेन मध्येच अडते का? नव्या वस्तूच्या बाबतीत हे प्रश्न आपण दुकानदारावर सोपवतो. जुन्या वस्तूच्या बाबतीत ते स्वतःला विचारावे लागतात, आणि विचारता विचारता ती वस्तू काय काम करते हे उमजत जाते. उसवलेला पट्टा दाभणाने शिवणाऱ्याला ओझे कोठे पेलले जाते, हे आपोआप कळते. हे शिक्षण यादी करून मिळत नाही.

आणि जुन्या सामानाने काही अडतही नाही. 29 मे 1953 रोजी एडमंड हिलरींबरोबर तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगावर काय काय होते, हे त्यांनी आपल्या आत्मकथेत सांगून ठेवले आहे. पायमोजे पत्नीने विणलेले. स्वेटर हिमालयन क्लबमधल्या एका बाईंनी दिलेला. डोक्यावरची लोकरी टोपी अर्ल डेन्मन यांनी मागे ठेवलेली. हे डेन्मन 1947 साली तेनसिंगना बरोबर घेऊन चोरून एव्हरेस्टवर गेले होते आणि हात हलवीत परतले होते. गळ्यात लाल रुमाल होता तो रेमंड लांबेर यांचा. आदल्याच वर्षी, 1952 साली, हे दोघे शिखराच्या अगदी जवळून माघारी फिरले होते. जगातल्या सर्वांत उंच जागी पोहोचलेल्या माणसाने असे चार ठिकाणांहून आलेले कपडे घातले होते, आणि त्यांतल्या दोन वस्तू तर तेथे न पोहोचलेल्या माणसांच्या होत्या. त्यांची अपुरी राहिलेली वाट तेनसिंगांनी वर नेली. जुनी वस्तू म्हणजे दुसऱ्याचे उष्टे, असे मानणाऱ्यांनी या टोपीचा आणि रुमालाचा जरूर विचार करावा.

अर्थात तेनसिंगांजवळ त्या दिवशी नवे सामानही होते. प्राणवायूची नळकांडी त्यांनी कोणा ओळखीच्याकडून जुनी मागून आणली नव्हती! येथे आपल्या सल्ल्याची दुसरी बाजू येते, आणि ती सांगितल्यावाचून सल्ला देणे हा अपराध ठरेल.

14 जुलै 1865 रोजी आल्प्समधले मॅटरहॉर्न हे शिखर प्रथमच सर झाले. एडवर्ड व्हिम्पर आणि त्यांचे साथीदार असे सात जण वर पोहोचले. उतरताना त्यांच्यातल्या एका नवख्या तरुणाचा पाय घसरला. एकाच दोराला बांधलेले चौघे एकामागून एक ओढले गेले आणि म्हातारा वाटाड्या पीटर टाऊगवाल्डर याच्या पुढचा दोर तुटला. चौघे खाली गेले, तिघे वाचले. मागाहून व्हिम्पर यांनी पाहिले, तेव्हा तुटलेला तो दोर त्यांच्याजवळच्या सगळ्या दोरांत जुना आणि सर्वांत कमकुवत निघाला. भक्कम दोर बरोबर असतानाही नेमक्या त्या जागी तो आला होता. टाऊगवाल्डरची चौकशी झाली आणि तो निर्दोष सुटला. दोर भक्कम असता तर सातही वाचले असते की सातही गेले असते, यावर लोक अजून वाद घालतात. तो तुटका दोर झेरमाट गावच्या संग्रहालयात ठेवला आहे.

ही घटना ऐकल्यावर जुन्या-नव्याची सीमारेषा कोठे आखावी, हे सांगण्याची गरज राहू नये. तरीही सांगतो. जी वस्तू फसली तर माझी गैरसोय होईल, ती खुशाल जुनी घ्यावी. सॅक, तंबू, पाण्याची बाटली, पातेली, रेनकोट, दुर्बीण या साऱ्या अशा वस्तू आहेत. बूट घ्यावयाचे तर जरा जपून. कारण जोडा पहिल्या मालकाच्या पायाच्या वळणाला बसलेला असतो, आणि तळव्याची कथा वर आलीच आहे. पण जी वस्तू फसली तर जीव जाईल, ती अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नये. गिर्यारोहणाचा दोर, कमरेचा हार्नेस, हेल्मेट यांचा इतिहास डोळ्यांना दिसत नाही. नायलॉनचा दोर उन्हाने, आत शिरलेल्या वाळूच्या कणांनी आणि पूर्वी झेललेल्या हिसक्यांनी अशक्त होतो आणि वरून मात्र चांगला दिसतो. त्यात दोराच्या एका टोकाला आपण असलो तरी दुसऱ्या टोकाला दुसरा कोणीतरी असतो. आपल्या काटकसरीची किंमत त्याने का द्यावी?

दुसऱ्याने किंमत देण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. जुन्या बाजारात गेले की खाऊनपिऊन सुखी माणसालाही घासाघीस करण्याचा मोठा चेव येतो. फुटपाथवर चादर पसरून बसलेल्या माणसाकडून तीनशेची वस्तू दीडशेला आणली, हे तो चार लोकांत रंगवून सांगतो. त्याच्या छंदाची ही चाचणी त्या विक्रेत्याच्या चुलीवर झालेली असते. पैसे वाचवावेत, पण ते स्वतःचे वाचवावेत. आणि आपण आपली वस्तू विकावयास काढू तेव्हा तिची मोडलेली चेन आणि विरलेला पट्टा गिऱ्हाइकाने शोधण्याआधी आपण दाखवावा. जुन्या मालाच्या व्यवहारात दुकानाची पावती नसते, हमी नसते. माणसाचा शब्द तेवढा असतो. म्हणूनच तेथे शब्दाला अधिक जपावयास हवे.

आणि हा सारा खल करीत असताना हेही विसरून चालत नाही, की निवड करण्याचे सुख सर्वांना नसते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर आपण हजारोंच्या बुटांनी ठेचकाळत असतो, तेव्हा पायथ्याच्या वाडीतली एखादी मावशी साध्या चपला घालून, डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन, आपल्याला मागे टाकून वर जाते. ती छंद करीत नाही. तिला ताक विकावयाचे असते. आपल्या सामानाची चर्चा तिच्या कानांवर पडली तर तिला काय वाटत असेल, हा विचार मनात आला की जुन्या सॅकची लाज वाटेनाशी होते आणि नव्या सॅकचा ताठाही उतरतो.

त्या शेजारच्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आजीचे मत मान्य झाले. माळ्यावरच्या बॅगेला उंदरांनी भोके पाडली होती, म्हणून जुन्या बाजारातून एक सॅक आणली. स्लीपिंग बॅग मित्राची. सबंध हिवाळाभर तो जात होता. तोरणा झाला, रतनगड झाला. मग हळूहळू त्याचे जाणे कमी झाले. एके संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि थोडा चाचरत म्हणाला, "काका, मला चढण्यात फारसा रस नाहीये, हे आता कळलं. सगळे पुढे पळतात आणि मी वाटेतल्या झाडांपाशीच थांबतो. मला झाडं पाहायची आहेत." त्याने सॅक धुऊन, पट्टा नीट शिवून, घेतली त्याच किमतीला आपल्या आतेभावाला दिली होती. आता तो रविवारी टेकडीवर जातो, वहीत पानांची चित्रे काढतो.

"पाहिलंत? सोडलंच शेवटी," असे त्याचे वडील मला म्हणाले. पण त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तो का नव्हता हे मला महत्त्वाचे वाटते. निम्मा पगार त्या सामानात अडकला असता, तर मुलाला हे वाक्य बोलता आले असते का? तो वडिलांच्या धाकाने आणखी वर्षभर मन मारून गड चढत राहिला असता, किंवा जातो असे सांगून भलतीकडेच गेला असता. कर्जाच्या ओझ्याखाली केलेला छंद हा छंद राहत नाही, ती वेठ होते. आणि वेठीला धरलेला माणूस खरे बोलत नाही. स्वस्तातल्या त्या सॅकने मुलाला गिर्यारोहक केले नाही, परंतु स्वतःशी आणि वडिलांशी खरे बोलण्याची मोकळीक दिली. वडिलांना हवी होती ती चिकाटीही त्याच्यात आहेच; ती झाडांपाशी सापडली, एवढेच. वहीचे तिसरे शंभर पानी पुस्तक आता भरत आले आहे. परवा वडिलांनीच मला विचारले, चांगले भिंग कोठे मिळते? नवे, उत्तम, दीर्घकाळ टिकणारे भिंग त्याला घेऊन द्यावयाचे आहे. मी त्यांना दुकानाचा पत्ता लगेच दिला. आता दोर कापावयास हरकत नाही.

माघारीची वाट मोकळी ठेवणे हा भ्याडपणा नव्हे, असे मला वाटते. ती मोकळी असूनही माणूस जेव्हा तिने जात नाही, तेव्हाच त्याचे पुढे जाणे त्याचे स्वतःचे असते. आणि ती वाट धरून तो परत आला, तर कोणाचे देणे डोक्यावर न घेता दुसऱ्या डोंगराकडे निघू शकतो.

दिवाळीत अंगणातून, जिन्याखालून, गच्चीच्या कोपऱ्यातून मुलांचे किल्ले उभे राहतात. फुटक्या विटा, गोणपाटाचे तुकडे, कोठूनतरी उकरून आणलेली माती आणि गेल्या वर्षीचे, नाक उडालेले मावळे, एवढ्यावर एकेक दुर्ग सजतो. शिवाजीमहाराजांचे चित्र तेवढे कधीकधी नवे आणलेले असते. किल्ला करावयाचा म्हणून आधी सामानाची यादी करून बसलेले मूल मी पाहिलेले नाही. हात आधी चिखलात जातात. काय कमी पडते ते मागाहून कळते, आणि मग ते मूल आईकडे हळीव मागावयास धावते.